पिशवी, नळी आणि मराठी भाषा

— तृतीय वर्ष कला (मराठी)

‘यंदाच्या अंकाला काय देतोयस?’ असे संपादक मंडळातल्या मित्राने विचारले, तेव्हा मी म्हणालो, ‘लघवीवर लेख.’ तो मोठ्याने हसला. मी हसत नाही हे पाहिल्यावर त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, ‘अरे, अंक प्राचार्य वाचतात.’ प्राचार्यांनी वाचावा म्हणूनच तर लिहितो आहे.

आपल्या वार्षिक अंकात हृदयावर दरवर्षी निदान सात कविता असतात. डोळ्यांवर त्याहून जास्त. काळीज तर मराठी कवींनी इतके वापरले आहे की काळीज म्हणजे मुळात यकृत, हे आपण सारेच विसरून गेलो. पण मूत्राशय नावाचा एक अवयव परमेश्वराने दिला आहे आणि तो बंद पडला तर माणूस घराबाहेर पडणे सोडतो, याला आपल्या वाङ्मयात कोठेही जागा नाही. मी काही ती जागा निर्माण करायला निघालेलो नाही. माझी तक्रार साधी आहे आणि ती मराठी विषयाच्या विद्यार्थ्याची तक्रार आहे.

माझे मामा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहतात. २०१७ च्या मे महिन्यात, आठवीची परीक्षा संपवून मी आजोळी गेलो होतो, तेव्हा ते आंबे उतरवताना कलमावरून पडले. फांदी मोडली नाही, वारा नव्हता. पाय सुटला, एवढेच. खाली उभ्या असलेल्या चौघांनी त्यांना हातापायांना धरून उचलले आणि टेम्पोत घातले. पाठीला मार बसलेल्या माणसाला असे कधी उचलायचे नसते. पाठ न वाकवता, फळीवर आडवे ठेवून न्यायचे असते. हे आम्हांला नंतर कळले. आपल्याकडे झाडावरून, विहिरीत किंवा गच्चीवरून पडून पाठीचा कणा दुखावण्याचे प्रकार काही थोडेथोडके नाहीत, तरी हे एक वाक्य आम्हांला शाळेत कोणी शिकवले नव्हते.

मोठ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मामांच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली असे सगळे डॉक्टर म्हणतात आणि मला त्याबद्दल शंका नाही. पाय मात्र परत आले नाहीत. पाच आठवड्यांनी मामा घरी आले ते लघवीची नळी आणि पिशवी घेऊन. डिस्चार्ज कार्ड सर्वांनी माझ्या हातात दिले, कारण घरात इंग्रजी ‘येणारा’ मी एकटा. त्यावर एके ठिकाणी ‘न्यूरोजेनिक ब्लॅडर’ असे लिहिले होते. ब्लॅडर हा शब्द मला ठाऊक होता. फुटबॉलच्या आत असतो तो. शब्दकोशातही ‘फुगा’ हा अर्थ सापडला. मी मामीला सांगितले, ‘मामांच्या पोटात फुगा आहे.’ मामीला ते एकदम पटले, कारण नळी बसवताना सिस्टर तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात, हे तिने रुग्णालयात पाहिले होते. (ही फुग्याची नळी १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या फोली नावाच्या डॉक्टरांनी प्रचारात आणली. फुगा आत अडकून राहतो, म्हणून नळी निसटत नाही.) अशा रीतीने माझ्या चुकीच्या भाषांतराला मामीच्या खऱ्या निरीक्षणाचा आधार मिळाला. दुखणे मामांच्या मज्जातंतूंचे नसून त्या फुग्याचे आहे आणि नळी निघाली की दुखणे संपेल, असा समज आमच्या घरात घट्ट बसला.

पुढे काही महिन्यांनी नळी काढली. मामांची लघवी थेंबथेंब आपोआप गळू लागली. आम्हांला आनंद झाला. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारले, ‘लघवी होते का?’ मामी म्हणाली, ‘होते.’ डॉक्टरांनी कार्डावर तसे लिहिले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

या दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. मला वाटते, सगळी गोष्ट याच एका ठिकाणी आहे. विचारायचा प्रश्न ‘होते का’ हा नव्हता, ‘किती उरते’ हा होता. भरलेल्या हंड्यावरून पाणी सांडते आहे म्हणून हंडा रिकामा झाला असे आपल्या घरातली कोणतीही बाई म्हणणार नाही. मामांचे मूत्राशय हा काठोकाठ भरलेला हंडा होता आणि वरचे तेवढे सांडत होते.

हे असे का होते, ते मी नंतर वाचून समजून घेतले. निरोगी मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. ते भरत आले की तशी सूचना मज्जातंतूंमधून पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या केंद्राकडे आणि तिथून वर मेंदूकडे जाते. मेंदूच्या बुंध्यात एक जागा आहे. तिथून एकाच वेळी दोन हुकूम सुटतात : मूत्राशयाने आवळावे आणि खालच्या दाराने उघडावे. ही जागा बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवर प्रयोग करून दाखवली. मज्जारज्जू तुटला की हा संवादच तुटतो. मार वरच्या भागात असेल तर मूत्राशय मनमानी आवळते, पण दार बंदच राहते. मार अगदी खाली, त्या केंद्रावरच असेल तर मूत्राशय सैल पडून नुसते भरत राहते. दोन्ही प्रकारांत लघवी साठते, साठलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि आतला दाब वाढला की तो उलटा मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये, जन्मतःच मज्जारज्जूत दोष असलेल्या मुलांचा अभ्यास करून, लघवी गळू लागण्याच्या वेळचा हा दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंचीच्या वर असेल तर मूत्रपिंडांना धोका असतो, असे दाखवले. म्हणजे बाहेर गळताना दिसते ते लक्षण आणि आत घडते ती खरी हकीकत.

मामांना थंडी वाजून ताप येऊ लागला. वर्षातून चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी गोळ्या, सलाईन आणि ‘मलेरिया असेल’. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. वाडीतल्या भजनात मामा पखवाज वाजवायचे. खुर्चीत बसूनही पखवाज वाजवता येतो, हात शाबूत होते. पण अंगाला वास येतो म्हणून त्यांनी देवळात जाणे सोडले. आधी एकादशीचे, मग सगळेच. कोणी घरी आले की खोलीचे दार लोटून घ्यायचे. मामीने दिवसातून तीन-तीन वेळा कपडे धुतले आणि कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. कुठल्या शब्दांत काढणार?

२०१९ मध्ये सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली निघाली, तेव्हा त्यांना दुसऱ्या एका ठिकाणी नेले. तिथल्या एका सिस्टरांनी मामांना साबणाने हात धुवायला सांगितले, एक साधी, बिनफुग्याची नळी हातात दिली आणि ती स्वतःची स्वतः आत कशी घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामे कसे करायचे आणि नळी काढून कशी धुवायची, हे एका दुपारी शिकवले. चार-सहा तासांनी एकदा, घड्याळ लावून. मामा म्हणाले, ‘बाई, मला लाज वाटते.’ त्या म्हणाल्या, ‘काका, दात घासायला लाज वाटते का?’ आणि शेवटी म्हणाल्या, ‘आता मी पेशंट. तुम्ही मला शिकवा.’ मामांनी पहिल्यांदा हात धुवायचे विसरून शिकवले. त्यांनी थांबवले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. रुग्णाने आपल्याच शब्दांत परत सांगावे, या पद्धतीवर वैद्यकीय नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, हे मी आता वाचतो. त्या बाईंनी ते वाचले होते की नाही, कोणास ठाऊक.

एक दुपार! आणि तिच्यासाठी आम्ही दोन वर्षे थांबलो होतो.

कोणी म्हणेल, तेव्हा हा उपाय नवा असेल. तो नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक लवकरच मरण पावत. गोळीने नव्हे, तर पाठीवरच्या जखमा आणि लघवीतला जंतुसंसर्ग यांनी. लुडविग गुटमान हे जर्मनीतले ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. हिटलरच्या राजवटीतून निसटून ते १९३९ मध्ये इंग्लंडला आले आणि १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथे त्यांच्या हाताखाली कण्याच्या जखमींसाठी विभाग सुरू झाला. रुग्णाला ठरावीक तासांनी कुशीवर वळवणे आणि मूत्राशय कटाक्षाने सांभाळणे, असे त्यांचे उपाय दिसायला अगदी साधे होते. त्यांच्याच आवारात १९४८ मध्ये १६ जखमी सैनिक-सैनिकांनी तिरंदाजीची स्पर्धा केली. आजच्या पॅरालिंपिकचे बीज ते. १९६६ मध्ये गुटमान आणि फ्रँकेल यांनी ठरावीक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याच्या पद्धतीचे ४७६ रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. पण ती नळी डॉक्टर घालत. पूर्ण निर्जंतुक, हातमोजे, मुखपट्टी. एक प्रकारचे सोवळेच ते!

हे सोवळे मोडले जॅक लॅपिडीस यांनी. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ते मूत्रविकारतज्ज्ञ होते. त्यांचे म्हणणे असे की, जंतू थोडेबहुत आत जाणारच. मूत्राशय ताणलेले राहिले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग जंतूंना वाव मिळतो. तेव्हा नळी निर्जंतुक असण्यापेक्षा मूत्राशय वेळेवर रिकामे होणे अधिक महत्त्वाचे. आणि निर्जंतुक नको म्हटल्यावर डॉक्टर कशाला हवा? रुग्ण स्वतःच करील. त्यांच्या पहिल्या रुग्णांपैकी एक तरुण स्त्री होती. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे मज्जातंतूंवरील आवरण झिजण्याचा आजार होता. तिला शिकवले ते परिचारिकेने. ही बाई युरोपच्या प्रवासाला गेली असताना तिची नळी स्वच्छतागृहाच्या जमिनीवर पडली. तिने ती पाण्याने धुतली आणि वापरली आणि तिला काहीही झाले नाही, अशी हकीकत सांगतात. १९७२ मध्ये लॅपिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. परिचारिका लोव्ह यांचे नाव त्यावर लेखक म्हणून आहे, हे मला फार आवडले. सुरुवातीला पुष्कळ तज्ज्ञांना ते पटले नाही. आज जगभर ही पद्धत पहिल्या पसंतीची मानली जाते.

त्याच १९७२ साली आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेला हा सैनिक. आपण त्यांच्यावर चित्रपट पाहिला, टाळ्या वाजवल्या. पण जो माणूस पाण्यात उतरतो, त्याने दिवसाचे बाकीचे तास कसे सांभाळले असतील, हा प्रश्न मनात आलेला प्रेक्षक मला भेटला नाही. मामांच्या खोलीत दोन वर्षे वावरलो नसतो तर माझ्याही मनात आला नसता.

म्हणजे उपाय १९७२ चा, मामा पडले २०१७ ला. मधल्या ४५ वर्षांत ज्ञान मिशिगनहून निघून आपल्या शहरातल्या रुग्णालयापर्यंत निश्चित पोहोचले होते. डॉक्टरांना ते ठाऊक होते. कार्डावर ‘न्यूरोजेनिक ब्लॅडर’ त्यांनीच लिहिले होते. ते डॉक्टरांच्या टेबलाच्या या बाजूला आले नाही. तीन फुटांचे अंतर!

याला मी डॉक्टरांचा आळस म्हणत नाही. बाह्यरुग्ण विभागातली रांग मी पाहिली आहे. त्या तरुण डॉक्टरांनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते असे त्यांच्या तोंडावर दिसत होते. पण मूत्रविकारतज्ज्ञ होण्यासाठी आपल्याकडे पदवीची साडेपाच, शस्त्रक्रियेची तीन आणि पुढे त्या विशेष शाखेची तीन, अशी साडेअकरा वर्षे लागतात. दुर्बिणीतून खडा कसा फोडावा, प्रोस्टेट कशी खरवडावी, हे आता यंत्राच्या नकली रुग्णावर सरावाने शिकवतात. शिकाऊ डॉक्टरला किती मिनिटे लागली, किती चुका झाल्या, याची मोजदाद होते, तिच्यावर निबंध लिहिले जातात. उत्तम आहे. माझे म्हणणे एवढेच की ‘लघवी होते का?’ हीसुद्धा चूकच होती आणि तीही मोजायला हवी होती. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण आले आहे. त्या तुकडीतले डॉक्टर आता बाहेर पडू लागले आहेत. पण हे शिक्षण पदवीपाशीच थांबून चालणार नाही. ज्याच्या हाती नळी आहे त्याच्यापर्यंत ते गेले पाहिजे. आणि संवाद करायचा कोणत्या भाषेत, हा प्रश्न उरतोच.

इथे आपला, म्हणजे कला शाखेचा, संबंध येतो.

ही गोष्ट फक्त झाडावरून पडणाऱ्यांची नाही. पक्षाघात, मधुमेहाने बधिर झालेले मज्जातंतू, पार्किन्सन्स, या सगळ्यांत मूत्राशय बिघडू शकते. पार्किन्सन्सच्या वृद्धाला रात्री एकदम घाई होते आणि थरथरत्या हातांनी विजारीची नाडी सुटेपर्यंत वेळ निघून जातो. घरचे म्हणतात, ‘वय झाले’. कधी सगळा दोष प्रोस्टेटवर जातो. तिचे ऑपरेशन करण्याआधी मज्जातंतूंचा विचार व्हायला हवा, असे तज्ज्ञ सांगतात. पण त्यासाठी आजोबांनी काय होते ते नीट सांगायला हवे आणि आजोबा सुनेदेखत सांगणार नाहीत. स्त्रियांची स्थिती याहून बिकट. बाई नळी घालायला शिकते तेव्हा आरसा लागतो, आडोसा लागतो आणि मुख्य म्हणजे आपल्याच शरीरातल्या जागांना नावे लागतात. ती नावे तिला कोणी दिलेली नसतात. जी आहेत ती एकतर शिवी आहेत नाहीतर संस्कृत आहेत.

गेल्या दिवाळीत मी मामांसाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी मराठीत चार पानी माहितीपत्रक लिहायला बसलो. मराठीचा विद्यार्थी मी, तासाभरात होईल असे वाटले. पहिल्याच ओळीत अडलो. ‘मूत्राशय’ लिहिले, मामा म्हणाले, ‘हे पुस्तकात असते.’ ‘लघवीची पिशवी’ लिहिले. मामी म्हणाली, ‘ही का?’ आणि तिने खाटेच्या कडेला पूर्वी लटकत असे त्या प्लास्टिकच्या पिशवीकडे बोट दाखवले. माझी आजी बसली होती, ती म्हणाली, ‘पिशवी तर बायकांना असते आणि माझी काढलेली आहे.’ एका शब्दाचे तीन अर्थ आणि तिन्ही एकाच खोलीत. मग ‘स्वच्छ’ आणि ‘निर्जंतुक’. लॅपिडीस यांचे सगळे काम या दोन शब्दांतल्या फरकावर उभे आहे. आपल्या बोलण्यात मात्र दोन्हींना ‘साफ’. ‘नियमित’ लिहिले तर मामी म्हणाली, ‘रोज सकाळी एकदा, ना?’ शेवटी ‘सहा, दहा, दोन, सहा, दहा’ असे घड्याळाचे आकडे लिहिले. मूळ शब्दाला विद्वत्ता होती, आकड्यांना अर्थ होता.

इंग्रजीत मजकूर कितपत सोपा आहे हे मोजायची सूत्रे आहेत. फ्लेश यांचे सूत्र १९४८ चे. वाक्यात शब्द किती, शब्दात अवयव किती, यावर ते चालते. अमेरिकेत रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या मुलाला समजेल असा असावा असा दंडक वैद्यकीय संघटनेने सांगितला आणि मूत्रविकारांवरची माहिती त्यापेक्षा अवघड असते, असे अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. हे सूत्र मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाही. ‘पिशवी’ तीन अक्षरांची आहे, सूत्राप्रमाणे अगदी सोपी. तिने काय गोंधळ घातला ते वर सांगितलेच. मराठी मजकूर कोणाला किती कळतो, हे वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत बसून शोधता येणार नाही. त्याला बोली माहीत असणारे लोक हवेत, घरोघर जाऊन वाचून दाखवणारे हवेत. भाषाशास्त्राच्या पेपरात आपण अर्थविस्तार आणि अर्थसंकोच पाच-पाच गुणांसाठी पाठ करतो. मामांच्या खोलीत अर्थविस्तार ताप बनून आला होता.

आमचे एक आदरणीय सर म्हणाले, ‘हे काम वैद्यकवाल्यांचे, तुम्ही आपले साहित्य करा.’ त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मला हे मान्य नाही. डॉ. मेरी व्हर्गीस यांना १९५४ च्या मोटार अपघातात कायमचे पांगळेपण आले. त्यांनी वेल्लोरला खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे तिथला पुनर्वसन विभाग उभारला. एव्हरेस्टवीर मेजर अहलुवालिया १९६५ च्या युद्धात जखमी झाले, स्टोक मँडेव्हिलला उपचार घेऊन आले आणि दिल्लीत कण्याच्या जखमींसाठी रुग्णालय काढण्यामागे लागले. दोघांनाही आधी रुग्ण व्हावे लागले, मग दिसले. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधली जागा रिकामी आहे; ती भरायला प्रत्येक वेळी कोणीतरी झाडावरून पडलेच पाहिजे असे नाही. (आपल्या महाविद्यालयात खुर्चीवरून येणारा विद्यार्थी आला तर तो तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या दोन पायऱ्या कशा चढणार, हे जाता जाता विचारून ठेवतो.)

मामांची मूत्रपिंडे आता ठीक आहेत. ताप कमी झाला. अगदी थांबला असे नाही. एकादशीला ते पखवाज घेऊन देवळात जातात आणि दहा वाजता, अभंग रंगात आलेला असला तरी, पखवाज दुसऱ्याच्या हाती देऊन खुर्ची ढकलत बाहेर जातात. वाडीतल्या पोरांना ठाऊक आहे. ती म्हणतात, ‘मामांचा टायम झाला.’

माहितीपत्रकाचा चौथा मसुदा मराठी विभागाच्या कपाटात ठेवला आहे. त्या सिस्टरांनी तो तपासला, दोन ठिकाणी वैद्यकीय चूक काढली, ती दुरुस्त केली आहे. भाषेच्या चुका काढायला मला निदान तीन जण हवे आहेत : एक देशावरचा, एक विदर्भातला, आणि एखादी मुलगी, कारण स्त्रियांचे पान मी लिहिले आहे आणि ते वाईट झाले आहे. मसुदा नेताना तेथील वहीत नाव लिहावे. मामांनी वाचून पहिले वाक्य खोडले आहे, ते मी परत घातलेले नाही. तिथे मी लिहिले होते, ‘प्रिय रुग्णमित्रहो’. त्यांनी बाजूला लिहिले आहे, ‘आधी हात धुवायला सांग.’